एसिटालोप्राम: बरीच वर्षं रोज घेतल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. डिप्रेशनवरच्या या गोळीने जे काम करायचं ते केलं, त्याचे पूर्ण मार्क. दीड स्टार कापले ते बाकीच्या गोष्टींसाठी, ज्या मला सुरुवातीला कोणी सांगितल्या नव्हत्या आणि ज्या पहिल्या महिन्यात कळतच नाहीत, त्या कळतात दोन-चार वर्षांनी. या गोळीबद्दल शोधायला गेलं की एकतर सुरुवातीच्या दिवसातले प्रश्न सापडतात, मळमळतंय, झोप येत नाहीये, चालू ठेवू का बंद करू, नाहीतर मग "विष आहे, हात लावू नका" असलं काहीतरी. वर्षानुवर्षं गोळी घेऊन घर, नोकरी, मुलं सगळं सांभाळणाऱ्या माणसाने मराठीत सविस्तर लिहिलेलं मला तरी काही मिळालं नाही म्हणून लिहितेय. ब्रँडचं नाव देत नाही कारण मधे मधे ब्रँड बदलत गेला आणि मी सांगतेय ते सगळं औषधाबद्दल आहे.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्यात पाचपाखाडीला, अकाउंट्समध्ये. डिप्रेशनचं निदान झालं त्या काळात पहाटे साडेतीनलाच जाग यायची आणि छातीत धडधड सुरू, घास गिळवायचा नाही, ऑफिसात एकच व्हाउचर परत परत वाचायचे आणि डोक्यात काही शिरायचं नाही, ऐरोली स्टेशनला ठाणे लोकल समोर येऊन उभी राहिली तरी पाय उचलायचा नाही. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गेलं होतं, हेही लिहून ठेवते, कारण ते विसरून नुसत्या साइड इफेक्टबद्दल बोललं तर ते अर्धवट होईल. गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे मळमळ, सारख्या जांभया (या औषधाने येतात) आणि चिंता उलट वाढल्यासारखी वाटली. असर दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात हे माहीत होतं म्हणून टिकले. मग पहाटेची जाग थांबली, भूक लागायला लागली, आणि एक दिवस लक्षात आलं की सकाळचे डबे भरताना रडू येत नाहीये. त्यामुळे ज्यांना आत्ताच ही गोळी लिहून दिलीय त्यांनी माझं पुढचं वाचून घाबरून बंद करू नका प्लीज. पुढचं लिहितेय ते डॉक्टरांशी काय काय बोलायचं ते माहीत असावं म्हणून.

तर दीड स्टार. यातला एक अख्खा स्टार भावना बोथट होण्यासाठी.

पहिल्या वर्षी दहा एमजी होती, मग एका वाईट पॅचनंतर वीस झाली आणि वीसवरच राहिली. रडू थांबलं ते इतकं थांबलं की बाबा गेले तेव्हासुद्धा आलं नाही. त्या दिवशी मी सगळी कामं केली, दाखला, गुरुजींना फोन, आलेल्या लोकांचा चहा, आईच्या बीपीच्या गोळ्या आठवणीने देणं. भाऊ धाय मोकलून रडत होता, आई भिंतीला टेकून बसलेली, आणि माझे डोळे कोरडे. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. आत्या सगळ्यांना कौतुकाने सांगत होती, पोरगी किती खंबीर, मुलासारखी उभी राहिली. मला माहीत होतं की यात खंबीर काही नाही. दुःख झालंय हे मला समजत होतं, म्हणजे विचार करून समजत होतं, पण ते जाणवत नव्हतं. बाबांसाठी मला वेळेवर रडता आलं नाही याचं आजही वाईट वाटतं आणि ते वाईट वाटणं कुणाला समजावून सांगणं फार कठीण आहे, कारण समोरचा म्हणतो अगं रडली नाहीस ते बरंच झालं ना.

आणि हे फक्त दुःखाचं नाही. गडकरी रंगायतनला नाटकाला गेलो होतो, अख्खं थिएटर हसतंय, मला विनोद कळतोय, चांगला आहे हेही कळतंय, हसू मात्र येत नाही. लेकीचा दहावीचा निकाल लागला, तिने येऊन मिठी मारली, मी तोंडाने सगळं बरोबर बोलले, पेढे आणले, पण आत काही हललं नाही. ती नंतर म्हणाली, आई तुला आनंद नाही झाला का गं. हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा डॉक्टरांसमोर हा विषय काढला.

तेव्हाचे डॉक्टर, क्लिनिकचं नाव लिहीत नाही, पाच मिनिटांत बाहेर पाठवायचे. ते म्हणाले रडू येत नाही म्हणजे औषध मस्त काम करतंय, चालू ठेवा. बाहेर मोठी लाइन असायची, त्यांनाही वेळ नसेल, पण दर वेळी प्रश्न एकच, "मूड कसा आहे?" आणि मूड तर वाईट नव्हताच ना. मूड काहीच नव्हता.

नंतर वाशीला एक मॅडम मिळाल्या त्यांनी मात्र विचारलं, शेवटचं मनापासून हसू कधी आलं, गाणं ऐकावंसं वाटतं का, मुलींचा राग येतो का, म्हणजे राग तरी येतो का. मग झोप, भूक, स्वतःला दोष देणं, सकाळी उठल्यावर कसं वाटतं हे सगळं विचारलं, कारण डिप्रेशन परत आलं तरी काहीच वाटेनासं होतं आणि औषधाने पण होतं, आणि दोन्हीचा उपाय एकदम उलटा, एकात डोस वाढतो आणि दुसऱ्यात कमी करावा लागतो. माझी झोप, भूक, काम सगळं ठीक होतं, म्हणून त्यांनी औषधाकडे बोट दाखवलं. घरी येऊन वाचलं तर केंब्रिज विद्यापीठाचा २०२३ चा एक अभ्यास सापडला, त्यात डिप्रेशन नसलेल्या ६६ जणांपैकी काहींना हीच एसिटालोप्राम आणि बाकीच्यांना खोटी, म्हणजे आत औषध नसलेली, गोळी किमान २१ दिवस दिली आणि मग टेस्ट घेतल्या. लक्ष, स्मरणशक्ती वगैरे ठीक राहिली, पण बरोबर उत्तराला शाबासकी आणि चुकीला फटका असं मिळालं की त्यावरून शिकण्याची जी क्षमता असते ती गोळीवाल्यांमध्ये कमी झाली, म्हणजे बऱ्याचं बरं आणि वाईटाचं वाईट दोन्ही कमी पोचतं. अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी ४० ते ६० टक्के लोकांना हे बोथटपण येतं असा अंदाजही तिथेच दिलाय. इतक्या लोकांना होतं आणि मला वाटत होतं मीच दगड झालेय.

वीसवरून दहावर यायला बरेच महिने घेतले. आणि बाबांच्या वर्षश्राद्धाला वडे तळता तळता मला एकदम हुंदका आला, थांबेचना, घरचे घाबरले की परत सुरू झालं हिचं, नवरा मॅडमना फोन लावायला निघाला, आणि मी त्याला सांगत होते की अरे थांब, हे चांगलं रडू आहे. दहावर पूर्वीइतकं सगळं परत आलंय असं नाही, पण येतंय.

दुसरी गोष्ट बायका लिहीत नाहीत आणि पुरुष त्याहून लिहीत नाहीत. शरीरसंबंधांची इच्छा जाते. गेली नाही तरी शेवटपर्यंत पोचता येत नाही. पुरुषांना वीर्यपतनाला खूप उशीर होतो किंवा होतच नाही. हे या औषधांचं अगदी कॉमन आहे, तरी माझ्या आधीच्या डॉक्टरांनी कधी विचारलं नाही आणि मी साडी नीट करत खाली मान घालून बसलेली, मी काय सांगणार. घरी मात्र दोघांमध्ये गैरसमज साठत गेले, नवऱ्याला वाटायचं त्याच्यातच काहीतरी कमी आहे किंवा माझं मन उडालंय. वाशीच्या मॅडमनी त्याला आत बोलावून सरळ सांगितलं की हे औषधामुळे आहे, दोघांपैकी कोणाचा दोष नाही. त्या पंधरा मिनिटांनी आमच्या घरात जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नव्हता. उपाय असतात, डोस कमी करणं, मिर्टाझापिनसारखं दुसरं औषध, किंवा ब्युप्रोपिऑन जोडणं (फिट्स येणाऱ्यांना ते चालत नाही), पण हे त्यांनी ठरवायचं. आपल्या मनाने शनिवार-रविवार गोळी गाळायची असले प्रयोग नकोत. आणि एक गोष्ट कोणीतरी सांगायलाच हवी म्हणून सांगते, काही थोड्या लोकांत ही तक्रार गोळी बंद केल्यावरही राहते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये माहितीपत्रकात ही सूचना टाकायला लावली. ज्यांना हे झालंय त्यांना "तुमच्या मनाचे खेळ आहेत" म्हणून परत पाठवू नये एवढीच इच्छा आहे.

वजन वाढलं. घाम येतो. एवढंच लिहिलं तरी पुरे, पण घामाचं थोडं सांगते कारण आपल्याकडची हवा. ऑक्टोबरात ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत सगळ्यांनाच घाम येतो, पण मला जानेवारीत एसीत बसून मानेवरून ओघळ येतात आणि रात्री उशीचं कव्हर ओलं होतं. कॉटनचे कपडे, पर्समध्ये एक जादा कुर्ता, संपला विषय. वजनाबद्दल मला वाटायचं आपलंच खाणं वाढलं असेल, मग अमेरिकेतला २०२४ चा एक मोठा अभ्यास वाचला, पावणेदोन लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी, डिप्रेशनच्या आठ औषधांची तुलना. त्यात सर्ट्रालिनच्या मानाने एसिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन आणि ड्युलॉक्सेटिन घेणाऱ्यांचं वजन सहा महिन्यांत पाच टक्के किंवा त्याहून जास्त वाढण्याची शक्यता १० ते १५ टक्क्यांनी अधिक निघाली, आणि ब्युप्रोपिऑनवाल्यांचं सगळ्यात कमी वाढलं. थायरॉईड आणि शुगर मात्र तपासून घ्या, सगळं गोळीवर ढकलू नका.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. तुमच्या स्ट्रिपवर नावापुढे "प्लस" किंवा असं काही लिहिलंय का बघा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं आणि ते सर्रास लिहून दिलं जातं. क्लोनाझेपाम हे झोपेचं-चिंतेचं वेगळ्या जातीचं औषध आहे, त्याची खरीखुरी सवय लागते, ते थोड्या दिवसांसाठी असतं. मला ते एकत्र गोळीतून कित्येक महिने जात होतं आणि मला पत्ता नाही, दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे, नावं आठवायची नाहीत. मॅडमनी दोन्ही वेगळं केलं आणि क्लोनाझेपाम आधी हळूहळू काढलं. एकत्र गोळीत असलं की एक कमी करून दुसरं तेवढंच ठेवता येत नाही, हा सगळ्यात मोठा तोटा. ज्यांची अशी गोळी चालू आहे त्यांनी एकदम थांबवू नका, पुढच्या व्हिजिटला फक्त विचारा की यात क्लोनाझेपाम किती आणि अजून किती दिवस.

एकदम थांबवण्यावरून आठवलं. एका गणपतीत आम्ही सासरी देवरुखजवळ गेलो होतो, परतीच्या दिवशी तुफान पाऊस, गाडी रद्द, पुढची तिकिटं मिळेनात आणि माझी स्ट्रिप संपली. गावातल्या मेडिकलमध्ये नाही, रत्नागिरीहून मागवतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी सुरू झालं, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं, नुसते डोळे फिरवले तरी तेच, गरगरणं, रात्री भयानक स्पष्ट स्वप्नं, आणि आरतीचा आवाज सहन होईना इतकी चिडचिड. सासूबाईंना वाटलं आजार उलटला. पण हा आजार नाही, शरीराला रोजच्या औषधाची सवय झालेली असते ते अचानक तोडल्यावर असं होतं. ओळखायची खूण मला नंतर समजली, हे दोन-चार दिवसांत सुरू होतं, त्यात करंट आणि गरगरणं असतं जे मूळ डिप्रेशनमध्ये नव्हतं, आणि गोळी परत घेतली की लवकर शांत होतं. आजार परत येतो तो सावकाश, आठवड्या-महिन्यांनी. मला गोळी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी फरक पडला.

"मग ही गोळी व्यसन लावते का" हा प्रश्न मला भावजयीपासून ऑफिसमधल्या प्यूनपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. व्यसनात तलफ येते, डोस वाढवत न्यावासा वाटतो, तसं यात काही नाही. पण "सोडायला अगदी सोपी" हेही खरं नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या वैद्यकीय मासिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात अशी औषधं थांबवणाऱ्या साधारण ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, पण खोटी गोळी थांबवणाऱ्यांमध्येही १७ टक्के लोकांना झाला, आणि खूप जास्त त्रास ३५ जणांत एकाला. म्हणजे बऱ्याच जणांचं निभावून जातं, आणि ज्यांचं जात नाही त्यांचं खोटं नसतं. सगळी औषधंही सारखी नाहीत, फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश जातं त्यामुळे त्याचा झटका कमी, पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन लवकर जातात म्हणून त्यांचा त्रास जास्त.

कमी करायची पद्धत मला मॅडमनी कागदावर रेष काढून समजावली आणि ती फार उपयोगी पडली. दहाची पाच केली म्हणजे मेंदूवरचा असर अर्धा झाला असं होत नाही, तो थोडाच कमी होतो, आणि पुढे पाचवरून शून्याकडे जाताना मात्र एकदम कोसळतो. म्हणून वरच्या पायऱ्या मोठ्या चालतात, शेवटच्या अगदी बारीक लागतात. लोक नेमकं उलटं करतात, पाचवर आले की आता काय उरलंय म्हणून सोडून देतात आणि तिथेच आपटतात. हॉरोविट्झ आणि टेलर या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये हे लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीतच मांडलं होतं. एक दिवसाआड गोळी ही पद्धत आपल्याकडे सगळे सांगतात, मॅडमनी तिला स्पष्ट नकार दिला, कारण ही गोळी शरीरात साधारण तीस तासांत अर्धी होते, दिवसाआड घेतली की रोज वर-खाली वर-खाली.

दातांचं राहिलं. झोपेत दात खाते मी, डेंटिस्टनीच सांगितलं की दाढा झिजल्यात, ही पण या गोळ्यांची एक तक्रार. त्यांनी दाढ काढायच्या आधी विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि मी न लाजता सांगितलं, त्याचा फायदा म्हणजे त्यांनी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळून पॅरासिटामॉल दिली. या गोळ्यांनी रक्त थोडं सहज वाहतं आणि त्या पेनकिलरबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डोकं दुखलं, गुडघे दुखले की मेडिकलमधून पेनकिलर आणून खायची आपली सवय आहे ना, ती इथे नको. ट्रॅमाडॉल ही पेनकिलर आणि काही खोकल्याची औषधंही परस्पर आणून खाऊ नका, त्यांचा धोका वेगळा आहे, विचारून घ्या.

आणि घरात म्हातारं माणूस ही गोळी घेत असेल तर हा पॅरा नक्की वाचा. सासरे गेल्यावर सासूबाईंना हीच गोळी सुरू झाली, त्यांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून होती. काही आठवड्यांनी त्या गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या, तोल जायचा, एकदा बाथरूमबाहेर पडल्या. सगळे म्हणाले वय झालं, विसरायला लागल्या. रक्त तपासलं तर सोडियम खूप कमी. या गोळ्यांनी वयस्कर लोकांत सोडियम उतरू शकतं आणि सोबत बीपीची तसली गोळी असली की धोका अजून जास्त. औषध बदललं, सोडियम वर आलं आणि सासूबाई पहिल्यासारख्या बोलायला लागल्या, आता परत माझ्या पोळ्यांना नावं ठेवतात. साधी रक्ताची तपासणी आहे, पहिल्या महिन्यात करून घ्या.

खर्च म्हणाल तर गोळी महाग नाही, जनऔषधीत अजून स्वस्त पडते, महाग पडतात डॉक्टरांच्या फिया. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारी ओपीडी आहेत, ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची पण आहे. हे लिहिताना मला माहितीये की लोक दचकणार. "याला ठाण्याला पाठवा" हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय, ठाण्यात नोकरी करते म्हटल्यावर माझ्या नात्यातल्यांनी पण ऐकवलंय आणि माझ्या गोळ्या कळल्यावर तर ते मला फार लागलं. १९०१ पासून ती जागा आजारी माणसांवर उपचार करतेय. तिथे जाऊन गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी स्वयंपाकाला लागणाऱ्या बायका आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, आणि त्या एका टोमण्यामुळे न जाणारे त्याहून जास्त असणार. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

सध्या मी साडेसातवर आहे, पाचची एक आणि पाचची अर्धी, अर्धी करायला साधा पिल कटर घेतलाय, विळीने किंवा सुरीने करू नका, भुगा होतो. पूर्ण बंद होईल का माहीत नाही, मॅडम म्हणाल्या कमी डोसवर नीट राहिलीस तरी चालेल, आपण आकड्याच्या मागे लागायचं नाही. पुढची पायरी मार्च एंडिंग झाल्यावरच, ऑफिसचा ताण असताना काही बदलायचं नाही असं ठरलंय.